चहाला बसलेली पोलीसबाई

मेथी निवडता निवडता वाचायचं पुस्तक आणि हात मोकळे ठेवून वाचायचं पुस्तक, अशा माझ्याकडे दोन जाती आहेत. रहस्यकथा लिहिणाऱ्या इंग्लिश लेखिका ॲन क्लीव्ह्ज यांची व्हेरा स्टॅनहोप पहिल्या जातीतली, असा माझा समज होता. परवा काड्या पातेल्यात गेल्या आणि पानं कचऱ्यात, तेव्हा तो फिटला.

१९९९ साली आलेल्या 'द क्रो ट्रॅप' या कादंबरीत ही बाई कितीतरी पानं उगवतच नाही. मग एका अंत्यविधीला येते, तर लोकांना वाटतं रस्त्यावरची कुणी भटकी बाई आत शिरली. अंगानं थोराड, उघड्या पायांत सँडल, कातडीवर इसबाचे चट्टे. आणि ती निघते उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलंडकडची डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर! (बाप पक्ष्यांची अंडी चोरणारा आणि लेक पोलिसांत, हेही आहेच.)

धावाधाव, गोळीबार जवळजवळ नाहीच. दारोदार चौकश्या, जबाब, पुन्हा तेच जबाब. सार्जंट जो ॲशवर्थला ती अवेळी बोलावून घेणार आणि त्याची बायको घरी धुसफुसणार. व्हेरा मात्र कुणाच्या तरी स्वयंपाकघरात ऐसपैस बसलेली, चहा पुढ्यात. अशा बाईसमोर कोण सावध राहील? माणसं बोलत सुटतात.

आमची आत्या अगदी अशीच. सोसायटीत गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह रात्री कोण फिरवतं, यावर कमिटीच्या तीन मीटिंगा झाल्या. आत्या वाटी घेऊन साखर मागायला तिसऱ्या मजल्यावर गेली आणि अर्ध्या तासात नाव घेऊन खाली आली. साखर आणायची विसरली.

क्रो ट्रॅप म्हणजे कावळे धरायचा पिंजरा. आत एक जिवंत कावळा ठेवायचा, की त्याच्यापायी बाहेरचे आपण होऊन आत येतात. हे वाचलं आणि वाटी घेऊन जिना चढणारी आत्याच डोळ्यांसमोर आली.

तिला फोनवर निम्मी गोष्ट सांगितली. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "न विचारता चहा कुणी टाकला?"

मी सांगितलं.

"मग तिच्यावर लक्ष ठेव," म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.