मावशीचं सूप

आज दुपारी मावशीकडे गेले. सोलापूरचं ऊन, त्यात लाईट गेलेली. मांडीवर सूप घेऊन ती विड्या वळत होती, ओठात उपासनेतलं गीत. परवाच कारखान्यात तिच्या बऱ्याच विड्या खराब म्हणून काढून टाकल्या.

“राग नाही येत गं?”

“येतो की! भांडूनच आले. म्हणून गाणं कशाला बंद करू?”

‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’, बायबलमधलं वचन, फिलिप्पै 4:4. लहानपणापासून पाठ आहे. येशूचा प्रेषित पौल, त्याने ते कैदेतून लिहिलं, हेही ठाऊक. पण माझा आनंद आपला नाताळापुरता, करंज्या संपल्या की तोही संपला!

मावशीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. बोटांना तंबाखूचा वास. लाईट आली तेव्हा ती तिसऱ्या कडव्यावर होती.