वाळूजच्या यंत्रांपासून परदेशी निघालेल्या घरांपर्यंत

आमच्या पॅकिंगच्या कामाची सुरुवात यंत्रांच्या क्रेटपासून, म्हणजे मोठ्या लाकडी खोक्यांपासून झाली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा भागातल्या कारखान्यांचा माल न्हावाशेवा बंदरापर्यंत शाबूत पोहोचवायचा, एवढंच काम. पुढे त्याच कारखान्यांतले इंजिनियर बदलीवर परदेशी निघाले आणि घरचं सामानही तुम्हीच बांधून द्या म्हणाले. आता कामाचा मोठा भाग घरसामानाचाच आहे.

लाकडाचा नियम दोन्हीकडे एकच. आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार क्रेटचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापलेलं हवं, साल काढलेली हवी आणि त्यावर गव्हाच्या लोंबीची खूण, ‘आयएन’ (भारत) व ‘एचटी’ (उष्णतेची प्रक्रिया) असा शिक्का हवा. प्लायवूडला ही अट नाही. पण तळाला साध्या लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या की शिक्का आलाच, आणि नेमकं हेच स्वस्तात क्रेट करणारे विसरतात.

घरात खरी कसोटी स्वयंपाकघराची. काचेच्या बश्या आडव्या रचल्या की खोका आदळताना सगळा भार तळच्या बशीवर येतो. म्हणून पाच थरी पुठ्ठ्याचा खोका घ्यायचा, तळाशी चुरगळलेल्या कागदाचा तीनेक इंच थर, एकेक बशी कोऱ्या कागदात गुंडाळून उभी. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. वर पोकळी राहिली तर कागद कोंबायचा. बंद खोका हलवल्यावर खुळखुळला तर उघडून पुन्हा भरायचा. पुस्तकांना दीड घनफुटाचाच खोका. मोठा भरला तर उचलताना तळ सुटतो. पाटा-वरवंटा न्यायचाच असेल तर वेगळा, बरण्यांसोबत कधीच नाही.

वॉशिंग मशीन समोरून उघडणारं असेल तर ड्रम पक्का करणारे ट्रान्झिट बोल्ट लागतात. ते घरात मशीन आलं त्याच दिवशी फेकलेले असतात! आधी तेवढे मागवून ठेवा. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून, पुसून, दार उघडं ठेवून वाळवायचा.

समुद्रावर तोडफोडीपेक्षा ओल जास्त छळते. बंद कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार पडतो आणि आतल्या हवेतलं बाष्प छताला धरून खाली ठिबकतं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत मुरलेलं सागवानी कपाट तिथे फुगतं. पॉलिशवर थेट प्लॅस्टिक गुंडाळलं तर ओल आतच कोंडते. आधी कागद, मग फोम. ओल शोषणाऱ्या पिशव्या कंटेनरमध्ये टांगायच्या. ओलसर चादर एक असली तरी अख्ख्या खोक्याला बुरशीचा वास लागतो.

२० फुटी कंटेनरची जागा कागदावर ३३ घनमीटर, प्रत्यक्षात २५ ते २८ भरते. सामान थोडं असेल तर इतरांच्या मालासोबत जातं. चढ-उतार वाढते, म्हणून तेव्हा बंद प्लायवूड क्रेटच बरा. विमानाने पाठवताना हलक्या सामानाचंही एक घनमीटरला १६७ किलो वजन धरतात, म्हणजे उशा-गाद्यांचंही लोखंडासारखं भाडं.

काय नेऊ नये, यावर आम्ही आधीच बोलतो. ऑस्ट्रेलियाला शिंदीची केरसुणी, वेळूचं सूप, बियाणं, माती लागलेले बूट अडतात. धान्यातल्या खपरा किडीची तिथे फार धास्ती. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर २३० चा. ट्रान्सफॉर्मरशिवाय तो रेंगाळतो. १०० वर्षांहून जुनी पितळी समई किंवा मूर्ती, ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखित पोथी, यांना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नाही, याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी काढावा.

मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातल्या फुटीची भरपाई विमा कंपन्या सहसा देत नाहीत. म्हणून काचसामान आमच्या हातून भरून घ्या. यादीत ‘किरकोळ सामान’ लिहू नका, कस्टम्सवाले नेमका तोच खोका उघडतात. पासपोर्ट, पदव्यांची प्रमाणपत्रं, दागिने हातातल्या बॅगेत. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर युरोपची अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, त्यात दहा-चौदा दिवस वाढतात. तिकडे थंडीत उतरणार असाल तर स्वेटर जहाजाच्या खोक्यात टाकू नका.