कॅम तसाच ठेवला, स्प्रिंगा बदलल्या

कळंबोलीला आमच्या गॅरेजमध्ये एक ट्रेलर आला. इंजिन सहा सिलिंडर, 5.9 लिटर, 12 व्हॉल्व्ह, मेकॅनिकल पंपाचं. मालकाने पंप वाढवून घेतला होता, टर्बो मोठा टाकला होता, आता त्याला ‘मोठा कॅम’ हवा होता, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त आणि जास्त वेळ उघडणारा उंचवट्यांचा दांडा. ड्रायव्हरचं गाऱ्हाणं वेगळंच. चाकणहून भरलेला कंटेनर घेऊन बोरघाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) लावला की हेडमधून टकटक, आणि खोपोलीला पोचेपर्यंत मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. अशा वेळी आम्ही आधी ड्रायव्हरचं ऐकतो.

थंड इंजिनवर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली गॅप, तपासले. इनटेकची गॅप 0.25 मि.मी. बरोबर होती. एक्झॉस्टला 0.51 हवी, तर तीन सिलिंडरांत 0.35 चं फिलर (गॅप मोजायची पट्टी) सुद्धा जाईना. गॅप वाढली असती तर कॅम, त्यावर चालणारे टॅपेट किंवा टॅपेटवरून रॉकरला ढकलणाऱ्या, वाकलेल्या पुशरॉडवर संशय घेतला असता. कमी झाली म्हणजे व्हॉल्व्ह सीट (बंद होताना टेकतो ती कडा) ठोकत आत बसत चाललाय. तरी मालकाच्या समाधानासाठी पुशरॉडवर डायल गेज लावून बाराही लोबची (कॅमवरच्या उंचवट्यांची) लिफ्ट, म्हणजे उचल, मोजली. कॅम ठणठणीत.

हेड उतरवल्यावर एक्झॉस्ट सीटवर ठोकल्याची चकचकीत रुंद पट्टी दिसली. व्हॉल्व्ह बंद ठेवणाऱ्या स्प्रिंगा टेस्टरवर बसवलेल्या उंचीला दाबल्या, 26 ते 29 किलो भरल्या. आता हिशेब बघा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह 42 मि.मी.चा, स्टेम वजा जाता साधारण 13 चौरस सेंटिमीटर. ब्रेकचं बटरफ्लाय (धुराच्या वाटेतली झडप) बंद झालं की मॅनिफोल्डमध्ये चौरस सेंटिमीटरला 3 किलोचं प्रेशर, म्हणजे व्हॉल्व्हच्या पाठीवर 39 किलो. स्प्रिंग हरणारच! व्हॉल्व्ह उचलतो, प्रेशर ओसरलं की आपटतो. गव्हर्नर 2500 आरपीएमला अडवतो, त्यामुळे वेगाने स्प्रिंग मागे पडून व्हॉल्व्ह तरंगण्याचा प्रश्न या गाडीत नव्हताच.

कॅम का नको? ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) वाढवली की इनटेक उशिरा बंद होतो, स्टार्टरवर कॉम्प्रेशन कमी मिळतं. सकाळी पांढरा धूर, आणि ट्रेलरला जिथे ओढ लागते त्या 1200–1600 आरपीएममध्ये ताकद ढिली. शिवाय डिझेलमध्ये पिस्टन हेडला जवळजवळ टेकतो, जास्त लिफ्ट आणि ओव्हरलॅपला (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याला) जागाच नसते. कामही सोपं नाही. टॅपेट खालून बसवलेले, म्हणून कॅम काढताना पुशरॉडच्या भोकांतून लाकडी दांड्या ठोकून ते वर धरावे लागतात. नवा कॅम टाकला तर टॅपेट नवेच हवेत.

मग 45 किलोच्या स्प्रिंगा निवडल्या, बाराही. त्याहून कडक घेतल्या असत्या तर लोब आणि टॅपेट खाल्ले असते. सीट ग्राइंड केल्यावर व्हॉल्व्ह वर सरकतो आणि स्प्रिंगची उंची वाढते, तेवढी शिम (पातळ चकती) घालून उतरवली. शिम घालताना पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांना भिडायच्या आधी निदान 1.5 मि.मी. शिल्लक आहे ना, ते पाहिलं. रिटेनर (स्प्रिंगवरची वाटी) आणि गाइडच्या (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीच्या) सीलमधली जागाही मोजली. कॉटर (रिटेनर व्हॉल्व्हवर अडकवणारे तुकडे) नवे टाकले, जुने सहसा वापरू नयेत. हेड उतरवायचं नसेल तर 1 आणि 6, 2 आणि 5, 3 आणि 4 हे पिस्टन जोडीने टॉपला आणून स्प्रिंगा काढता येतात, व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकून राहतो.

गाडी भरून घाटातून आली तेव्हा ब्रेक लावूनही टकटक नव्हती. 500 किलोमीटरनंतर एक्झॉस्टची गॅप परत मोजायची आहे, सीट नव्याने बसते तेव्हा ती थोडी कमी होते.