सलाईनच्या आधीचे दोन महिने

"सलाईनच लावायचंय नव्हं? मग आजच का लावंनात?" आईचा हा प्रश्न जानेवारीत सुरू झाला, तो मार्चमध्येच थांबला.

मला चार वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात. स्टेरॉइड कमी केलं की पुन्हा रक्त पडायचं. शेंगा चटणी सोडाच, शेजारी कुणी कडक भाकरी मोडली तरी जीव तुटायचा. शेवटी डॉक्टरांनी सलाईनमधून द्यायचं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध सुचवलं, पण आधी टीबीची तपासणी. हे औषध टीएनएफ नावाच्या घटकाला अडवतं. त्यानं आतड्याची सूज उतरते, पण शरीरात टीबीचे जंतू असले तर त्यांना कोंडून ठेवायलाही तोच लागतो.

हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही एकाच रक्तात उरकलं. एक्स-रे स्वच्छ. मँटूनं, म्हणजे टीबीसाठी कातडीत टोचून करायच्या चाचणीनं, मात्र छळलं. हातावर टोचून सिस्टरनं बॉलपेननं भोवती गोल काढला, ४८ ते ७२ तासांत दाखवा म्हणाली. सोलापूरच्या गड्डा जत्रेचे दिवस, गेलो तर लॅबला कुलूप. उघडली तोवर मुदत टळलेली. मग दुसऱ्या हातावर पुन्हा टोचून घेतलं. घरी मी लाल भाग पट्टीनं मोजला, २२ मिलिमीटर! रात्रभर डोळा लागला नाही. सिस्टरनं बोटानं चाचपून फक्त टणक भाग मोजला, १४ भरला. लाली धरतच नाहीत म्हणे.

१४ म्हणजे टीबी झालाच असं नाही, जंतू निजलेले असू शकतात. तरी त्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. निदान महिनाभर त्या घेतल्याशिवाय सलाईन नाही. तो महिना शौचालयाच्या दारापासून लांब न जाता काढला, दुसरं काही सांगण्यासारखं नाही.

माझं वजन ५८ किलो. किलोमागे ५ मिलिग्रॅम म्हणजे २९०, आणि कुपी १०० ची, म्हणून तीन. आणखी तीन किलो असतो तर चौथी फोडावी लागली असती. आजारानं वाळवल्याचा एवढाच फायदा.

कुप्या २ ते ८ अंशांत हव्यात, आणि मार्चमधलं सोलापूरचं ऊन! मेडिकलवाल्यानं थर्माकोलच्या डब्यात जेलची गार पाकिटं घातली, मध्ये कागद. गोठल्या तरी औषध वाया. भाऊ गाडी चालवत होता, मी मागं डबा मांडीवर धरून. सात रस्त्याचा सिग्नल एवढा लांबलेला कधी वाटला नव्हता.

आदल्या दिवशी दवाखान्यातून फोन आला होता, ताप-खोकला नाही ना? असता तर पुढची तारीख. सिस्टरनं पावडरीत पाणी सोडलं आणि कुपी तळव्यात अलगद फिरवली. खळखळून हलवली तर फेस होतो. मग दोन तास थेंब थेंब. एसी इतका गार की आईनं घरून आणलेली चादर माझ्या पायांवर टाकली.

"आता परत कधी?"

"दोन आठवड्यांनी. मग सहाव्या आठवड्यात, मग दर आठ आठवड्यांनी," सिस्टर म्हणाली.

आईनं चादरीची घडी घालता घालता विचारलं, "मग हितंच ठेवून जाऊ का?"