पेनड्राइव्ह लावला की इन्स्टॉल, पण आधी बायोसचा पासवर्ड सोडवून घ्या

सिडकोतल्या आमच्या अभ्यासिकेला अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीने जुने डेस्कटॉप आणि लॅपटॉप दिले, मॉडेल सगळी वेगवेगळी. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम 2.0 (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही, म्हणजे 11 चा विषयच नको, म्हणून उबुंटू 24.04, ही फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम. माझा हट्ट एकच, अभ्यासिका सांभाळणाऱ्या काकूंनी पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करायचं, बाकी स्क्रीनवर एकही प्रश्न यायला नको. ऑटोइन्स्टॉलची फाइल, म्हणजे इन्स्टॉलरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच देणारी फाइल, लिहिली, डेस्कटॉप पटापट झाले.

काही लॅपटॉपवर मात्र इन्स्टॉलर म्हणे डिस्कच नाही. डिस्क होती हो, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, स्टोरेज इंटेल आरएसटी या मोडवर होतं, ते एएचसीआय या साध्या मोडवर केलं की डिस्क दिसते. मिनिटाचं काम, पण बायोसला कंपनीचा पासवर्ड!

आयटीवाले म्हणाले ॲडमिनला विचारा, ॲडमिन म्हणे मेल टाका, मेलला उत्तर आलं की मशीन आमच्या रेकॉर्डमधून राइट ऑफ झालीत, आता आमचा संबंध नाही. अहो मशीन तुमची नाहीत मान्य, पण पासवर्ड तुम्हीच टाकलाय ना? इकडे पोरं एमपीएससीचे फॉर्म मोबाईलवर भरतायत आणि लॅपटॉप कपाटात पडून, अजून आठवलं की डोकं तापतं. कुणी म्हणालं मदरबोर्डवरचा सेल काढा, पासवर्ड जाईल, पण कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड बहुतेक वेळा वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढून जात नाही. शेवटी देणगीपत्राची झेरॉक्स घेऊन सरळ गेटवर जाऊन बसलो, तेव्हा स्टोअरमधल्या एका साहेबांनी जुन्या रजिस्टरमधून पासवर्ड काढून दिला. ते लॅपटॉप मग काकूंनीच केले, मी नुसता बाजूला उभा, फार भारी वाटलं!

हां, एक राहिलं, फाइलमध्ये डिस्क निवडताना "सगळ्यात मोठी" असं लिहू नका, एसएसडी आणि हार्डडिस्क दोन्ही असतील तर सिस्टिम हार्डडिस्कवर जाते आणि मशीन रडत चालतं, एसएसडी असंच सांगा. बूटच्या ओळीत (पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू करणारी कमांड) ऑटोइन्स्टॉल हा शब्द टाकला की डिस्क पुसायची का हा खात्रीचा प्रश्नही येत नाही, म्हणूनच पेनड्राइव्हवर लाल मार्करने "सगळं पुसतं" लिहा, नाहीतर कुणी स्वतःच्या लॅपटॉपला लावून बसेल.

आणि देणगीची मशीन टेम्पोत चढवायच्या आधी तिथेच प्रत्येकाचं बायोस उघडून बघा, पासवर्ड मागितला तर काढून घेतल्याशिवाय पोचपावतीवर सही करू नका.