सहा वर्षं न केलेला फोन

वार्षिक शटडाऊन संपवून सोमवारी पहिली शिफ्ट सुरू झाली आणि सव्वासातला मला फोन आला. "मॅडम, मशीन ऑन होतंय, पण स्क्रीनभर अलार्म आहेत." मी पोहोचले तेव्हा ऑपरेटर, दोन फिटर आणि सुपरवायझर मशीनपुढे नुसते उभे होते. ब्रेकडाऊन साधा असला की प्रत्येकाकडे एक अंदाज असतो. इथे कुणाकडेच नव्हता.

हे हॉरिझॉन्टल मशीनिंग सेंटर, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने धातू कापणारं मशीन, २०११ साली बसवलेलं. त्याच्या कंट्रोलची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाची, मेमरी वीज बंद असताना एका छोट्या बॅटरीवर टिकते. कुठल्या अक्षाने किती वेगाने पळायचं, अक्ष सरकवणाऱ्या बॉलस्क्रूच्या कुठल्या भागात किती मायक्रॉनची भरपाई द्यायची, टूल बदलताना ते फिरवणाऱ्या स्पिंडलने नेमकं कुठे थांबायचं, असे हजारो आकडे त्या मेमरीत असतात. आम्ही त्यांना पॅरामीटर म्हणतो. बॅटरी उतरायला लागली की स्क्रीनच्या कोपऱ्यात इशारा लुकलुकतो, आणि ती बदलायची ती मशीनची वीज चालू ठेवूनच. शटडाऊनच्या आधी दहा-बारा दिवस तो इशारा लुकलुकत होता. त्याची नोंद घेणं माझ्या विभागाचं काम, म्हणजे माझंच. आठ दिवस वीज बंद राहिली आणि मेमरी पुसली गेली.

बॅकअपचं कार्ड कपाटात होतं, पण त्यात शेजारच्या मशीनचा डेटा निघाला. कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवलेला पॅरामीटरचा तक्ता तेलाने इतका काळा पडला होता की ओळी लागेनात. मशीन बनवणाऱ्यांच्या सर्व्हिस विभागाने तक्रार क्रमांक दिला आणि माणूस यायला दहा दिवस लागतील असं सांगितलं. आमच्या स्टोअरमध्ये दोन दिवसांचा तयार माल होता. बुधवारी दुपारनंतर पुढची असेंब्ली लाइन थांबणार होती.

अशा वेळेसाठीच तर आपण ओळखी केलेल्या असतात, अशी माझी समजूत होती. लिंक्डइनवर माझ्याशी अकराशेहून जास्त लोक जोडलेले. प्रदर्शनांत आणि सेमिनारमध्ये मिळालेल्या व्हिजिटिंग कार्डांचे दोन जाड फोल्डर, प्रत्येक कार्डावर कुठे भेटलो त्याची नोंद. मशीनचं मॉडेल, कंट्रोलची आवृत्ती आणि अलार्मचा फोटो टाकून मी एक मेसेज तयार केला आणि बासष्ट जणांना पाठवला. सगळ्यांना तोच, वरचं नाव तेवढं बदललेलं.

तासाभरात पाच उत्तरं आली. दोघांनी जोडलेले हात पाठवले. एकाने नव्या मशीनचं कोटेशन देऊ का म्हणून विचारलं. एकाने नंबर दिला, तो वेगळ्याच कंट्रोलचं काम करणाऱ्याचा निघाला. पाचवं उत्तर एका तरुण इंजिनिअरचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने मला सर्वो ड्राइव्हच्या एका अलार्मबद्दल विचारलं होतं आणि मी रविवारी बसून त्याला दोन पानं लिहिली होती, वायरिंगच्या चित्रासकट. तेव्हापासून अधूनमधून आम्ही एकमेकांना काहीबाही विचारतो. माझा मेसेज वाचून त्याने वरिष्ठांची परवानगी घेतली, त्यांच्याकडच्या मशीनची नेमप्लेट आणि टूल चेंजर, म्हणजे टूल बदलणारी यंत्रणा, तपासून आला आणि कळवलं, "मॅडम, कंट्रोल तोच आहे, पण चेंजर वेगळा आहे. आमचे पॅरामीटर टाकू नका, आर्म आदळेल." वरवर बघितलं तर उपयोग काही झाला नाही. माझ्या लेखी मात्र त्या सकाळची पहिली खरी मदत ती होती, कारण तोवर मी कुठल्याही मिळत्याजुळत्या मशीनचे आकडे भरायच्या विचाराला आले होते.

कार्डांचे ते फोल्डर मी का भरत गेले, त्याचं मूळ एका ट्रेनिंगमध्ये आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ सालच्या निबंधाबद्दल तिथे ऐकलं. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, ज्याच्या ओळखीतून हे काम मिळालं तो माणूस तेव्हा तुम्हाला कितीदा भेटायचा? 'वारंवार' म्हणणारे १७ टक्क्यांच्या आसपास निघाले, 'अधूनमधून' म्हणणारे ५६ टक्क्यांच्या आसपास आणि 'क्वचित' म्हणणारे जवळपास २८ टक्के. जवळच्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं. दूरची माणसं वेगळ्या वर्तुळात वावरतात, म्हणून नवी बातमी त्यांच्याकडून येते. यातून मी एवढंच उचललं की ओळखी जितक्या जास्त तितकं बरं. त्याच निबंधातली दुसरी गोष्ट माझ्या लक्षातच राहिली नव्हती. उपयोगी पडलेली ती दूरची माणसं बहुतेकदा जुने सहकारी, जुने वरिष्ठ, कॉलेजातले मित्र अशी होती. नातं घट्ट नव्हतं, पण सोबत घालवलेला काही काळ त्यामागे होता.

बासष्टांपैकी किती जणांनी मला कधी काम करताना पाहिलं होतं, हे मी मशीनशेजारी उभी राहून मोजलं. चार.

आणखी एक व्यक्ती होती, पण तिला मी मेसेज पाठवलाच नव्हता. मुद्दाम.

मी नवीन असताना दुसऱ्या एका कंपनीत दीड वर्ष या मॅडमच्या हाताखाली काम केलं. आज त्या तिथेच प्लांट हेड आहेत. फॉल्ट शोधताना आधी ड्रॉइंग उघडायचं आणि मग मल्टिमीटर, ही सवय मला त्यांनी लावली. सहा वर्षांपूर्वी मी नोकरीच्या शोधात असताना त्यांनी आपणहून ओळखीच्या एका व्हाइस प्रेसिडेंटकडे माझं नाव सांगितलं. पहिली फेरी चांगली झाली. दुसरीच्या आधी मला सध्याची नोकरी मिळाली. मी तिथल्या एचआरला दोन ओळींचा ईमेल टाकला आणि मॅडमना काहीच कळवलं नाही. आधी वाटलं, रुजू झाल्यावर निवांत सांगू. महिना गेला तेव्हा वाटलं, आता उशीर झाला. वर्ष गेलं आणि ते सांगणं इतकं जड होऊन बसलं की एका प्रदर्शनात त्या लांबून दिसल्या तेव्हा मी दुसऱ्या रांगेत वळले.

आमचं मशीन बसवून ताब्यात देतानाच्या कमिशनिंग रिपोर्टवर ज्या सर्व्हिस इंजिनिअरची सही होती, त्यांनीच मॅडमकडची मशीनं बसवली होती. मी त्यांना तिथे काम करताना बघितलेलं. पुढे त्यांनी ती कंपनी सोडली. त्यांचा ठावठिकाणा ठाऊक असेल तर मॅडमनाच, हे मला सव्वासात वाजताच सुचलं होतं. फोन मी दहा वाजता केला. मशीन बंद पडलेलं असताना माझ्या संकोचापायी जवळजवळ तीन तास गेले, हे मला अजून खटकतं.

मॅडमनी दुसऱ्या रिंगला उचलला. मी नाव सांगायला लागले तर म्हणाल्या, "नंबर आहे माझ्याकडे. बोल."

मशीनचंच बोलायचं ठरवून फोन केला होता. पण तोंडून आधी दुसरंच आलं. "मॅडम, तुम्ही माझं नाव सांगितलं होतंत, मी दुसरीकडे रुजू झाले आणि तुम्हाला साधं कळवलंही नाही. माझं चुकलं."

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "त्यांचा फोन आला होता मला. तुम्ही पाठवलेली मुलगी पुढे आलीच नाही, काय झालं म्हणून. मला काही सांगता येईना. नंतर दोनेक वर्षं मी त्यांच्याकडे कुणाचं नाव घेऊन गेले नाही."

आवाजात राग नव्हता. घडलं ते सांगत होत्या. मी आजवर धरून चालले होते की बिघडलं असेल तर माझं आणि मॅडमचं. त्या दोन वर्षांत माझ्यासारख्याच कुणा मुलीचं किंवा मुलाचं नाव पुढे जायचं राहिलं असेल, हे मनातही आलं नव्हतं. ओळख करून देणारा माणूस आपली पत दुसऱ्याच्या हाती देत असतो. पुढे काय झालं हे सांगितलं की ती त्याला परत मिळते. नोकरी मिळाली, नाही मिळाली, मीच नको म्हटलं, यातलं काहीही चालतं. मी तेवढं एक वाक्यसुद्धा बोलले नव्हते.

"बरं, आता काय अडलंय?" मॅडमनी विचारलं. मी थोडक्यात सांगितलं. "नंबर आहे त्यांचा. पण तुला लगेच देत नाही. आधी त्यांना विचारते."

फोन ठेवल्यावर अठरा मिनिटं गेली. मी मिनिटकाटा बघत होते, म्हणून आकडा लक्षात आहे. तेव्हा ती वाट बघणं असह्य झालं होतं, आणि आता मी स्वतः कुणाचाही नंबर विचारल्याशिवाय देत नाही. कारण नंतर अनोळखी नंबरवरून आलेला त्या सर्व्हिस इंजिनिअरचा फोन अशा माणसाचा होता ज्याने 'हो' म्हणून फोन लावला होता. त्याला आधी पटवावं लागलं नाही.

"पॉवर चालू आहे ना? बंद करू नका. बॅटरी नवी घातलीत? कुणी काही आकडे भरलेत?"

"नाही सर, काहीच भरलेलं नाही."

"बरं केलंत. आता ऐका. डेटा माझ्याकडे नाही. कंपनी सोडली तेव्हा सगळं तिथेच जमा केलं, आणि असता तरी असा दिला नसता. पण मशीन ताब्यात देताना मी दोन कॉपी काढायचो. एक मेंटेनन्सला, सही घेऊन. दुसरी इलेक्ट्रिकल ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये. मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला पाकीट चिकटवलेलं असेल. बघा जरा."

ते फोल्डर आम्ही वर्षानुवर्षं वापरत होतो. शेवटच्या पानापर्यंत कधी गेलोच नव्हतो. पिवळं पडलेलं पाकीट तिथे होतं. आत मेमरी कार्ड, ऑप्शन पॅरामीटरची छापील यादी आणि २०११ ची तारीख घालून केलेली सही. फिटरने ते पाकीट दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आणलं.

डेटा चढवणं सोपं होतं, पुढचं नव्हतं. चार वर्षांपूर्वी आम्ही टूल चेंजरचा आर्म बदलला होता, त्यामुळे टूल बदलायची जागा जुन्या आकड्यांशी जुळेना. टेबल फिरवणाऱ्या अक्षाचा शून्यबिंदूही नव्याने ठरवावा लागला. सर व्हिडिओ कॉलवर होते. डायल इंडिकेटर लावून, हँडव्हीलचा एकेक क्लिक फिरवत आम्ही पुढे सरकत होतो. मध्येच ते "थांबा, आवाज ऐकू द्या" म्हणायचे आणि सगळे गप्प व्हायचे. चार वाजून दहा मिनिटांनी मशीनने पहिलं टूल बदललं. बॉलबार लावून अचूकता तपासण्यात मंगळवारची सकाळ गेली. बुधवारी लाइन थांबली नाही.

सोमवारी दुपारीच मी आमच्या प्लांट हेडकडून सरांच्या कामाची सर्व्हिस ऑर्डर मंजूर करून घेतली. सर आता स्वतंत्रपणे हेच काम करतात. "अहो, फोनवरचंच काम," असं ते एकदा म्हणाले, पण मी ऐकलं नाही. ओळखीच्या नावाखाली कुणाचे चार तास फुकट घेणं मला पटत नाही. त्यामुळेच पुढच्या वेळी लोक फोन उचलायचे बंद होतात. त्यांनी बिल लावलं, आम्ही ते त्याच आठवड्यात चुकतं केलं.

तरुण इंजिनिअरला मी रात्री सविस्तर लिहिलं: काय सापडलं, कुठे सापडलं, त्याच्या इशाऱ्यामुळे काय टळलं. उरलेल्या साठ-एकसष्ट जणांनाही मशीन सुरू झाल्याचं कळवलं, या वेळी एकेकाला वेगळं. बऱ्याच जणांच्या बाबतीत लिहिण्यासारखं काही सुचेना, कारण मला त्यांच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यात मी दोन्ही फोल्डर चाळले आणि ज्यांच्याशी कामाचं एकदा तरी बोलणं झालंय तेवढीच कार्डं ठेवली. सत्तावीस उरली.

त्याच सोमवारी संध्याकाळी, घरी जाण्याआधी, मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, पाकिटासकट. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं.

"त्या व्हाइस प्रेसिडेंटनाही मी फोन करते," मी म्हटलं. "चूक माझी होती, हे त्यांना कळायला हवं."

"ते निवृत्त झाले. पण कर. आवडेल त्यांना." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "बॅटरी नेमकी कधीची होती?"

मी सांगितलं. फोन चालू असतानाच त्यांनी कुणालातरी हाक मारल्याचं ऐकू आलं. "आपल्या दोन्ही मशीनच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या, रजिस्टर आण." मग मला म्हणाल्या, "तुझा चेकलिस्टचा फॉर्मॅट पाठव. आणि ड्रॉइंगच्या फोल्डरचं मागचं कव्हर बघते मीही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडून फोटो आला. दोन नव्या बॅटऱ्या, मार्करने तारीख घातलेल्या, आणि शेजारी एक पिवळं पाकीट.