गिटारला पॉलिश कुठलं? चपडी

मी बनवलेली गिटार हातात घेतली, दोन-चार कॉर्ड वाजवले आणि उलटी करून तिची तांबूस पाठ पाहिली, की प्रश्न येतोच: "महोगनी ना ही? पॉलिश कुठलं करता?" मी चपडी, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, म्हणते आणि समोरच्याचा चेहरा जरा उतरतो. आजोबांच्या कपाटाला सुतार जी मारायचे, तीच? हो, तीच. तुम्ही विचारलंत म्हणून कारण नीट सांगते.

महोगनी तसं हलकं लाकूड. घनमीटरला साधारण 550 किलो. आपलं शिसव 800 च्या वर जातं. रंध्याखाली गुणी, आणि एकदा नीट वाळलं की वाकडंतिकडं होत नाही. म्हणून पाठ शिसवाची असली तरी गिटारची मान बरेचदा महोगनीची असते. मार्टिन कंपनीच्या डी-28 गिटारची पाठ शिसवाची, डी-18 ची महोगनीची, आणि या दोन आवाजांवर वाजवणारे तासन् तास वाद घालतात. 2018 साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गिटार, बाकी सगळं सारखं, फक्त पाठ आणि कडा वेगवेगळ्या लाकडांच्या. 52 वादकांना त्या न दिसता वाजवायला दिल्या, तर लाकडांमधला फरक खात्रीने कुणाला ओळखता आला नाही. मला यात नवल वाटलं नाही. तक्ता किती पातळ रंधलाय आणि त्यावर काय थापलंय, याला मी लाकडाच्या नावापेक्षा जास्त किंमत देते.

समोरचा तक्ता, ज्याला सतारवाले तबली म्हणतात, तो जेमतेम 3 मिलिमीटर जाड असतो. तो थरथरला तर गिटार बोलणार. त्यावर प्लास्टिकसारखा जाड थर चढवला की चकाकी येते खरी, पण तक्ता जड होतो, दबतो. चपडीचं पॉलिश नीट केलं तर मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ राहतं.

खरं काम मात्र पॉलिशच्या आधीचं. महोगनीची फळी उजेडात तिरकी धरून बघा, सुईने ओरखडल्यासारख्या बारीक गडद रेघा दिसतील. ती उघडी रंध्रं. ती भरली नाहीत तर पॉलिश आत बसत जातं आणि वर खड्डे राहतात. आपले सुतार खडूच्या पुडीत गेरू कालवून भरतात. फर्निचरला ते चालतं, पण महोगनीत काही काळाने ती रंध्रं पांढुरकी दिसायला लागतात, आणि ते माझ्या डोळ्यांना खुपतं.

मी प्यूमिस वापरते, म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाची पीठासारखी पूड. धुवट सुती कापडात कापसाची पुरचुंडी बांधायची, तिला स्पिरिट आणि किंचित चपडी पाजायची, चिमूटभर प्यूमिस भुरभुरायची आणि लहान-लहान गोल फिरवत राहायचं. प्यूमिस लाकूड अगदी सूक्ष्म घासते. त्यातून निघणारी लाकडाची तांबडी भुकटी चपडीत कालवली जाऊन रंध्रांत ठासली जाते, म्हणजे लाकूड स्वतःच्याच रंगाने भरतं. पुरचुंडी एका जागी थांबवायची नाही; थांबली की चिकटते आणि केलेलं सगळं उपटून काढते. कडेची पांढरी पट्टी आणि स्प्रूस या फिकट लाकडाचा समोरचा तक्ता आधीच चपडीचा हात देऊन झाकायचा, नाहीतर महोगनीचा तांबडा रंग त्यात उतरतो. पहिली भरण झाली की मी गिटार काही दिवस टांगून ठेवते. चपडी आत बसते, रंध्रं पुन्हा डोकं वर काढतात, पुन्हा भरायची. घाई इथेच नडते.

रंग गडद करायला जुने कारागीर पोटॅशियम डायक्रोमेट लावायचे. ते विषारी आहे, मी हात लावत नाही. महोगनी उजेडाने आपोआप गडद होते; पॉलिशआधी थोडं ऊन दाखवलं तरी पुरतं.

आणि पावसाळ्यात पॉलिश नाही, कितीही घाई असली तरी. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि चपडी दुधाळ पडते. चपडी विरघळवायची तीही ताजी, लागेल तेवढीच. जुनं द्रावण नीट सुकत नाही, चिकट राहतं.

लाकूड कुठलं, हेही विचारतात. लॅटिन अमेरिकेतल्या मोठ्या पानांच्या महोगनीच्या व्यापारावर 2003 पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. मी फिजीतल्या लागवडीचं घेते. कागद स्वच्छ असतात आणि जंगलही तुटत नाही. मिरजेच्या सतारींना लागणारं तून याच महोगनीच्या कुळातलं, आपला कडुनिंबसुद्धा. तून मला फार आवडतं आणि त्याची गिटार करायचं माझ्या मनात आहे.

चपडी नाजूक आहे, हे मी गिटार देतानाच सांगते. हात टेकतो तिथे घामाने ती मऊ पडते. वाजवून झालं की सुक्या कापडाने पुसा. ओरखडा पडला तर गिटार घेऊन या, नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, सगळं खरवडावं लागत नाही. आणि हाताला सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण उडू द्या, मगच गिटार उचला. त्यात अल्कोहोल असतं आणि चपडी अल्कोहोलमध्येच विरघळते.